कानाने निवडलेली हत्यारं

लाकूड कापायला मी फरशी कापायचं पातं लावलं.

यात गुंतागुंत काहीच नाही. कटरला दोन जातींची पाती बसतात. लाकडाच्या पात्याला दात असतात, फरशीच्या पात्याला नसतात. बालवाडीतल्या पोरालाही हा फरक दाखवता येईल. मी बँकेत अधिकारी आहे. फळीतून धूर यायला लागला तेव्हा मला वाटलं, जुनं लाकूड आहे, आतली धूळ निघत असेल. मग करपल्याचा वास आला. मला वाटलं, आत आमटी लागली. मी कटरवर आणखी जोर दिला.

शेजारी मालक उभे होते, डोळे मिटून. मिटल्या डोळ्यांनीच ते म्हणाले, "साहेब, बंद करा. फळी ओरडतेय."

मी बंद केलं. फळीवर काळा चर पडला होता, चुलीतून ओढून काढल्यासारखा. त्यावर मी काय म्हणावं? मी म्हणालो, "कटर खराब लागला हो. नसरापूरला जाऊन बदलून आणू."

मालकांनी पात्यावरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा पात्याकडे. "जाऊ," म्हणाले. "दुकानदारालाही जरा करमणूक होईल."

मालक म्हणजे माझे भोरचे घरमालक. बँकेने मला भोरला धाडलं आणि बायको तिच्या नोकरीपायी पुण्यात राहिली, तेव्हा त्यांच्या घराचा वरचा मजला मी भाड्याने घेतला. तहसील कचेरीत जन्म काढून ते अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. कचेरी सुटली, कचेरीची भाषा सुटली नाही. आमटीत मीठ बरोबर पडलं की 'मंजूर'. कारल्याची भाजी 'तहकूब', म्हणजे ताटाच्या कडेला सरकवायची आणि काकूंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, पाठ वळली की मांजराला द्यायची. मांजरही ती तहकूबच ठेवायचं.

खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी ना माझा पगार विचारला, ना गाव. विचारलं एवढंच, "जिना चढताना पाय आपटता का?"

"नाही."

"चढून दाखवा."

मी चढलो. खाली ते डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून उभे. वरच्या पायरीवर पोचलो तसा खालून आवाज आला, "मंजूर."

जगातली प्रत्येक गोष्ट ते अशी कानाने तपासायचे. नारळ सगळेच वाजवून घेतात. मालक वांगीसुद्धा वाजवून घेत. दर अमावास्येला घरातल्या एकूण एक बिजागरीला तेल पडायचं. मी बँकेतून येऊन दार उघडलं आणि खोबरेलाचा वास आला की समजायचं, आज अमावास्या. शेजारच्या घरातला मिक्सर ऐकून त्यांनी एकदा निकाल दिला होता, "महिनाभर टिकणार नाही." तो मिक्सर अजून चालू आहे. मालकांचे निकाल बरोबरच असत असं नाही, पण ते ठाम असत. कचेरीची सवय.

आता ओट्याचं सांगतो.

मालकांचं घर उतारावर होतं. पुढचं दार रस्त्याच्या पातळीला, आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून चार पायऱ्या उतरल्या की परस. परसात तुळस, कढीपत्ता, शेवगा, कपड्यांची दोरी, आणि पलीकडे कमरेएवढी भिंत. काकूंचा सगळा संसार त्या भिंतीपाशी चालायचा. भोरमध्ये कुणाची सोयरीक मोडली, कुणाच्या गाईला कालवड झाली, कुठल्या साहेबाची बदली झाली, सगळ्या बातम्या त्या भिंतीवरून यायच्या. माझ्या बदलीची बातमीही पुढे मला बँकेच्या आधी त्या भिंतीनेच कळवली.

उन्हाळ्यात कुरडया गोळा करताना काकू त्या पायऱ्यांवरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. पुण्याला नेऊन ऑपरेशन झालं, काकू वॉकर घेऊन घरी आल्या, आणि तेव्हापासून मागच्या दाराबाहेर त्यांचं पाऊल पडलं नव्हतं. पायऱ्या उतरायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दिवसभर त्या पुढच्या खोलीत खुर्चीवर बसत. भेटायला माणसं येत, पण पावडर लावून, बिस्किटांचा पुडा घेऊन.

"पुढच्या दारानं पाव्हणे येत्यात, भाऊ," काकू मला म्हणाल्या होत्या. त्यांचं माहेर वेल्ह्याच्या वाटेवरचं विंझर, आणि बोली तिकडचीच राहिली होती. "माणसं येत्यात ती मागच्या दारानं. मला माणूस दिसून लई दिवस झालं."

त्यांचं जेवण कमी झालं होतं. बोलणंही. मालकांच्या कानाला हे माझ्या आधी ऐकू आलं असणार.

पायऱ्यांखाली पाण्याची टाकी होती, तेव्हा तिथे सिमेंटचं पक्कं बांधकाम करता येत नव्हतं. मग लाकडी ओटा बांधायचा ठरलं. मागच्या दारातून थेट, एकही पायरी न उतरता, सपाट चालत भिंतीपर्यंत जाईल असा. सुताराने आधी गणपतीनंतर येतो म्हणून सांगितलं, मग दिवाळीनंतर. मालक म्हणाले, "सुतार नामंजूर. आपण बांधू." आणि 'आपण' म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी ताबडतोब हो म्हणालो. त्याचं कारण मोबाईल. वरच्या मजल्यावर एकट्याने राहताना मी जेवताना व्हिडिओ बघायचो. त्यात चौकड्याचा शर्ट घातलेला एखादा गोरा गृहस्थ एका दुपारात आपल्या परसात डेक बांधून टाकतो आणि शेवटी त्यावर खुर्ची टाकून काहीतरी पीत बसतो. त्याचं लाकूड लोण्यासारखं कापलं जातं आणि त्याच्या अंगावर भुसा पडत नाही. असले व्हिडिओ मी इतके बघितले होते की आपल्याला हे येतं अशी माझी खात्री झाली होती. त्याच भरात मी सेलमध्ये एक बॅटरीवरचं स्क्रू मशीनही मागवलं. हिरवं, वितभर, प्लास्टिकच्या पेटीत, सोबत नाना आकारांची टोकं.

मालकांनी ते हातात घेऊन चालवलं, कानाशी धरलं आणि परत दिलं. "डास आहे," म्हणाले. "खेळणं आहे हे, साहेब. पेटीत ठेवा."

"अहो, बॅटरीचं आहे. वायरीची कटकट नाही."

"तेच म्हणतो. वायर म्हणजे दावं. जनावर दाव्याला असलं की माणूस निर्धास्त असतो. मोकाट जनावर आणि बिनवायरीचं यंत्र, दोघांचा भरवसा नाही."

ओट्याला लाकूड आलं काकूंच्या माहेरचं. विंझरला त्यांच्या भावाने जुना गोठा उतरवला होता. त्याच्या माळ्याच्या ऐनाच्या फळ्या त्याने टेम्पोत घालून पाठवल्या. जुनं ऐन म्हणजे जवळजवळ लोखंड. खिळा वाकतो, लाकूड ढिम्म. फळ्या उतरवताना काकू पुढच्या खोलीच्या खिडकीतून बघत होत्या.

"काय बांधताय म्हणं?"

"डेक," मी म्हणालो.

"ओटा," मालक म्हणाले.

"मचाण हाय ते," काकू म्हणाल्या. "मला मचाणावर बसवून पाखरं हाकायला लावणार, व्हय?"

अशा फळ्यांना साधी हत्यारं पुरेनात, म्हणून यंत्रांची निवड सुरू झाली. कटर मी आधीच आणला होता, एकट्याने, रंग बघून. त्याची आणि फरशीच्या पात्याची गोष्ट सुरुवातीला सांगितलीच.

तर आम्ही नसरापूरला निघालो. मालकांनी ऐनाच्या फळीचा हातभर तुकडा टॉवेलात गुंडाळून सोबत घेतला. एसटीत तो त्यांनी मांडीवर उभा धरला, नातवाला धरावं तसा. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, ह्याचं तिकीट?"

"उभा राहील तो. सीट मागणार नाही."

"हाय काय त्यात?"

"बायकोचं माहेर."

कंडक्टरने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

नसरापूरच्या दुकानदाराने माझी तक्रार नीट ऐकून घेतली. कटर फिरवून बघितला, पातं बघितलं, आणि आतल्या माणसाला हाक मारली, "ए, बाहेर ये. साहेबांनी मार्बलच्या पात्यानं फळी कापलीया." आतला माणूस बाहेर आला. शेजारच्या खताच्या दुकानातलाही आला. पातं हातोहात फिरलं. मी त्या दिवशी नसरापूरला जो आनंद वाटला, तो बँकेच्या कर्जमेळाव्यातही कधी वाटला नव्हता.

हशा ओसरल्यावर मालक पुढे झाले. "ड्रिल दाखवा."

दुकानदाराने तीन काढली आणि वॅटचे आकडे सांगू लागला. मीही व्हिडिओतला एक शब्द टाकला. मालकांनी हात वर केला. फळीचा तुकडा काउंटरवर ठेवला, दुकानाकडे पाठ केली, डोळे मिटले. "चालवा."

दुकानदाराने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी मान हलवली. त्याने पहिलं ड्रिल फळीवर चालवलं.

"हा भांडतो," मालक म्हणाले. "नामंजूर."

दुसरं चाललं.

"हा गोड बोलतो आणि मधेच दम सोडतो. आमच्या कचेरीत असा एक होता. नामंजूर."

तिसरं चाललं. एसटी स्टँडवरून कुणी हॉर्न वाजवत होतं, तरी मालक तसेच उभे. "पुन्हा," म्हणाले. पुन्हा चाललं. "हा बरा. कुरकुर आहे, पण कामाची. घरातल्या माणसाची असते तशी."

"काका," दुकानदार म्हणाला, "हे दुकान हाय. गाण्याची परीक्षा न्हाई."

"परीक्षाच आहे. आता रंधा काढा."

त्या दिवशी ड्रिल आलं, लाकडाचं पातं आलं, रंध्याचं मशीन मात्र तहकूब राहिलं. त्यासाठी पुढे आणखी खेपा झाल्या. मालकांना फळीसकट येताना बघून दुकानदार शटरला हात घालायचा. एकदा तर लांबूनच ओरडला, "काका, आज लाईट न्हाई!" दुकानातला पंखा फिरत होता.

पहिल्या खेपेवरून परतताना मी वैतागून म्हणालो, "मालक, यंत्र कुणी आवाजावरून घेतं का? वॅट बघायचे, पात्याचा वेग बघायचा, गॅरंटी बघायची. बघून घ्यावं की माणसाने."

मांडीवरच्या टॉवेलातली फळी त्यांनी सरळ केली.

"त्या मागच्या पायऱ्या आहेत ना," ते म्हणाले, "आधी दगडाच्या होत्या. ओबडधोबड. मी कडप्पा बसवून घेतला. घोटलेला, काळाभोर. तोंड दिसायचं त्यात. ती म्हणाली होती, पाय घसरंल हो, खडबडीत घ्या. मी म्हणालो, बघ तर खरं कसा दिसतो. मंजूर करून टाकला." मग म्हणाले, "एकदा डोळ्यांनी निवडलं, साहेब. आता डोळ्यांना रजा."

त्यानंतर मी वॅटचं नाव काढलं नाही.

काम सुरू झालं. मालकांनी वाटणी केली, "लाकूड माझं, उंची तुमची." म्हणजे फळ्या तासणं आणि ठोकणं त्यांच्याकडे, आणि ओटा उंबरठ्याच्या बरोबर पातळीत आणणं माझ्याकडे. वॉकरचे पाय कुठे अडता कामा नयेत. मी मोबाईलमध्ये पातळी मोजायचं ॲप घेतलं आणि उंबरठ्याच्या माथ्याला ओट्याचा माथा असा जुळवला की वरून गोटी सोडली असती तर ती विचारात पडली असती. माझ्या आयुष्यात मी इतकं अचूक काम दुसरं केलेलं नाही. बँकेतही नाही.

मागचं दार सगळा वेळ बंद होतं. एक तर भुसा स्वयंपाकघरात जाऊ नये म्हणून आतून कडी आणि फटीला ओलं फडकं. आणि दुसरं, मालकांचा हट्ट. "दार ती उघडील. ओटा पुरा झाल्यावर. तोवर कुणी हात लावायचा नाही." आम्ही बाजूच्या बोळातून जा-ये करायचो. काकू दुपारी झोपल्या की मालक यंत्रं बंद ठेवायचे, आणि त्या जाग्या झाल्या की आतून हाक यायची, "वाजवा आता. शांततेनं कान दुखायला लागलं."

ओटा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पुरा झाला.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. त्या दिवशी ती वापरायची नाहीत. शेतकऱ्याचा कोयता, सुताराची करवत, घरातली विळी, सगळ्यांना सुट्टी. काकूंनीही भाजी आदल्या दिवशी चिरून ठेवली होती. हा नेम मालकांनी जन्मभर पाळलेला. कचेरीत असताना त्या दिवशी ते टाकाला हात लावत नसत. तहसीलदारांनी सही मागितली तर म्हणत, "लेखणी पूजेला बसलीये, उद्या उठेल."

सकाळी मालकांनी नव्या ओट्यावरच पाट मांडला. कटर, ड्रिल, रंधा, सगळे पुसून, हळद-कुंकू लावून, झेंडूची फुलं वाहून ओळीने बसवले. वायरींची नीट वेटोळी. माझं हिरवं स्क्रू मशीन मी भीतभीत पुढे केलं.

"हे नको," मालक म्हणाले. "ही हत्यारांची पूजा आहे."

मी ते मुकाट्याने वर पेटीत ठेवून आलो.

मग मालक टोपी सारखी करून दाराबाहेर उभे राहिले आणि म्हणाले, "उघड."

आत काकू उभ्या होत्या. नवीन लुगडं नेसल्या होत्या हे मला त्याच्या सळसळीवरून कळलं, मालकांची संगत लागलेली. पलीकडच्या भिंतीशी शेजारीण हातात फुलं घेऊन उभी. आतून कडी काढल्याचा आवाज आला. दार हललं आणि थांबलं.

"ढकल," मालक म्हणाले.

"ढकलतीय की. अडलंय."

मी खाली वाकून बघितलं.

ते दार बाहेर उघडायचं. त्याची फळी उंबरठ्याच्या माथ्यापेक्षा बोटभर खाली येत होती, पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून. आणि त्या बोटभर फळीच्या पुढ्यात, उंबरठ्याच्या माथ्याशी केसाचाही फरक न ठेवता, माझा ओटा उभा होता. विंझरच्या ऐनाचा. दार उघडायला जागा नव्हती. मी ओटा नव्हे, दाराला बाहेरून अडसर बांधला होता. ॲपवर बघून.

"काय झालं?" आतून काकू.

मी मालकांकडे बघितलं. मालक दाराकडे बघत होते. ते मला काही बोलले असते तर बरं झालं असतं.

"बाहेर उघडतं ते," ते हळूच म्हणाले. "रोज त्यातून ये-जा केली. माझ्याही ध्यानात आलं नाही."

"मग आता?" आतून काकू.

"आता दार काढायला लागेल. बिजागऱ्यांचे स्क्रू बाहेरून आहेत." मालकांनी पाटाकडे बघितलं. "पण आज खंडेनवमी. हत्यारं पूजेत. उद्या सकाळी पहिलं काम तेच."

शेजारीण हातातल्या फुलांशी चाळा करायला लागली. मग काकू बोलल्या, ओरडून नव्हे, अगदी सावकाश.

"हत्यारं आज एक दिस पूजेत बसली. म्या उन्हाळ्यापासनं बसलीया. कुणी हलवायचं न्हाई, कुणी कामाला लावायचं न्हाई, यील त्यो पाया पडून जातुय. मलाबी हळदी-कुंकू लावा की मग. एक झेंडूचं फूल डोक्यावर ठेवा."

मालकांचा चेहरा मी बघितला आणि लगेच दुसरीकडे बघितलं. ते पाटापाशी गेले. ड्रिलसमोर वाकले. दोन्ही हात जोडले. मग उजवा हात पुढे केला आणि ड्रिलवरचं फूल उचललं. जन्माचा नेम होता. पण हात मागे आला नाही.

"गप का झालात?" दारामागून काकूंचा आवाज आला. "काय करताय? हात लावू नका त्याला! माझ्यासाठी नेम मोडायचा न्हाई. सांगून ठिवते."

दाराआडून त्यांना हे कसं दिसलं कोण जाणे. कानाचा तो गुण मालकांचा एकट्याचा नव्हता.

"मग काय करू?" मालक फूल हातात धरून उभे.

"ते साह्यबाचं खेळणं कुठंय? हिरवं?"

"वर," मी म्हणालो.

"पूजा केलीत त्याची?"

"नाही."

"हत्यार म्हनलात त्याला?"

मालकांनी फूल परत ड्रिलवर ठेवलं.

"मग आना की! पूजेत न्हाई, हत्यारात न्हाई, ते कशापायी घरात बसलंय?"

मी जिना असा चढलो की माझा भाडेकरार त्याच दिवशी रद्द व्हावा. पेटी आणली. चपटं टोक बसवलं आणि मशीन पहिल्या स्क्रूला लावलं. मशीन फिरलं, स्क्रू आणखी घट्ट झाला. मालकांनी माझ्या हातातलं मशीन घेतलं, बाजूचं बटण दाबून उलटं फिरायला लावलं, आणि कानाशी न धरता थेट कामाला लागले. दर अमावास्येचं तेल होतंच. एकेक स्क्रू लोण्यातून यावा तसा आला. शेवटच्या स्क्रूपाशी बॅटरी मिणमिणायला लागली, तेव्हा मालक त्या डासाला म्हणाले, "अरे, एवढं कर बाबा." त्याने केलं.

दार आम्ही दोघांनी उचलून बाजूला उभं केलं.

आत काकू वॉकर धरून उभ्या होत्या. हिरवं लुगडं. त्यांनी आधी तुळशीकडे बघितलं, मग शेजारणीकडे, मग पायाखालच्या फळ्यांकडे. वाकता येत नव्हतं, म्हणून वॉकरच्या पायाने फळीवर ठोकून बघितलं. ठक.

"आमच्या गोठ्याच्या हायती," म्हणाल्या. आणि उंबरठा ओलांडला.

मालक त्यांच्याकडे बघत नव्हते. त्यांनी पाठ केली होती आणि डोळे मिटले होते. नसरापूरच्या दुकानात उभे राहायचे तसे, मान एका बाजूला कलती करून. मागे काकूंचा वॉकर. ठक, मग पाऊल. ठक, मग पाऊल. कुठे फळी कुरकुरली नाही, कुठे पाऊल अडलं नाही. आवाज भिंतीपर्यंत गेला आणि थांबला, आणि लगेच शेजारणीचा आवाज सुरू झाला, "अगं बाई, तुला सांगायचंच राहिलं होतं..."

"मंजूर," मालक म्हणाले. डोळे उघडायला त्यांनी अंमळ वेळ घेतला.

त्या दिवशी घराला मागचं दार नव्हतं. दुपारी कुणी बघत नाही असं बघून मांजर मागून आत आलं आणि नैवेद्याचं ताट साफ करून गेलं. त्यात कारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला हत्यारं उठली आणि मालकांनी दाराची खालची कड बोटभर कापली. कटरमधलं पातं त्यांनी आधी स्वतः तपासलं. मला दार धरायचं काम दिलं होतं, दोन्ही हातांनी, म्हणजे कुठलाच हात मोकळा राहू नये.

पुढे माझी बदली पुण्याला झाली. जाताना ते हिरवं मशीन मी मालकांना देऊन आलो. गेल्या खंडेनवमीला मुद्दाम भोरला गेलो. ओट्यावर पाट मांडलेला, कटर, ड्रिल, रंधा फुलांखाली. आणि खिडकीच्या कट्ट्यावर, पूजेपासून वेगळं, ते हिरवं मशीन. चार्जिंगला लावलेलं. फूल नाही, कुंकू नाही.

"अजून ह्याला पूजेत घेत नाही?" मी म्हणालो.

"नाही," मालक म्हणाले. "सगळेच देव करून कसं चालेल? एक तरी हाताशी मोकळं पाहिजे."

काकू भिंतीपाशी खुर्ची टाकून शेंगा निवडत होत्या. वॉकर दोरीखाली उभा ठेवलेला, त्यावर कपडे वाळत होते. त्या आता काठी घेऊन चालत. मी चहा पीत बसलो, आणि बसल्या बसल्या मला हुरूप आला. म्हणालो, "मालक, पुण्यात फ्लॅट घेतलाय. गॅलरी आहे मोठी. म्हणतो, असाच एक छोटा डेक करावा. यंत्रं कुठली घेऊ, तेवढं सांगा. तुम्ही म्हणाल ती घेतो."

मालकांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटलेले ठेवले. मग विचारलं, "गॅलरीचं दार कुठं उघडतं?"

"उघडत नाही. सरकतं आहे. काचेचं."

मालक काही बोलायच्या आत काकूंनी शेंगांतून मान वर केली.

"मग बांधा, भाऊ," म्हणाल्या. "सरकतं दार तुमच्यासाठीच काडलंय."